माप हसत नाही

खोली बघायला गेलो तेव्हा मृणालताईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या उंचीचा. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये विद्यार्थ्याला भाड्याची खोली मिळणं किती कठीण असतं हे तिथं राहिलेल्यांना सांगायला नको. त्यामुळे मी सगळी तयारी करून गेलो होतो. सिगारेट ओढतोस का, मित्र आणतोस का, मासे तळतोस का, सगळ्याला 'नाही' म्हणायचं असं ठरवलं होतं. आणि या बाई विचारतात, "उंची किती तुझी?" मला वाटलं पलंग आखूड असेल. मी म्हटलं, "पाच फूट आठ इंच." त्यांनी मला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, मागं सरकल्या, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल. आधीचा मुलगा सहा-दोन होता. त्याच्यामुळे सगळे दीपस्तंभ बुटके दिसायला लागले होते. सामान घेऊन ये."

डॉ. मृणाल माने मूळच्या मिरजेच्या. कॉर्कच्या एका सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ होत्या. मिरजेत असताना एका नर्सिंग होममधून दुसऱ्या नर्सिंग होममध्ये स्कूटरवरून भूल देत फिरण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर, ज्या वयात लोक नोकरीतून सुटायची स्वप्नं बघतात त्या वयात त्यांनी परीक्षा दिल्या आणि आयर्लंडला आल्या. कॉर्कजवळ कॅरिगलाइनला एक लहानसं घर घेतलं आणि त्यातली वरची खोली मराठी मुलांना द्यायला सुरुवात केली. भाडं वाजवी, जेवण त्यातच, अट एकच. शनिवारी, त्यांची ड्यूटी नसेल तेव्हा, गाडीत बसायचं आणि त्या नेतील त्या दीपस्तंभाखाली उभं राहायचं.

दीपस्तंभांचं वेड त्यांना इथं आल्यावर लागलं. कारण विचारलं की त्या सरळ उत्तर द्यायच्या. "आमचं आणि ह्यांचं काम एकच. सगळं नीट पार पडलं तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही." यापुढे त्या विषयावर बोलायच्या नाहीत. समुद्र, एकांत, क्षितिज असले शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी त्यांना, "तुम्हाला तिथं किती शांत वाटत असेल ना," असं विचारलं. त्या म्हणाल्या, "शांत कुठलं? वाऱ्यानं कान फुटतात."

फोटो काढायची त्यांची एक पद्धत होती. दीपस्तंभ नुसता कधी घ्यायचा नाही, त्याच्या पायाशी माणूस हवाच. "माणूस नसला तर तो खांब आहे का मिठाची बाटली, कसं कळणार?" असं त्यांचं म्हणणं. तो माणूस म्हणजे मी. जाडजूड जाकीट घालून मी पायथ्याशी उभा राहायचो आणि त्या लांबून ओरडायच्या, "डावीकडे. अजून डावीकडे. हात खिशातून काढ. हसू नकोस, माप हसत नाही." सुरुवातीला मी हे फोटो कराडला आईला पाठवायचो. ती फोन करून विचारायची, "फोटो छान आहे रे, पण ह्यात तू कुठला?" मी सांगायचो, खाली उजव्या कोपऱ्यात जो ठिपका आहे ना, तो मी.

आता माणूस ठेवायची ही युक्ती ताईंची नव्हती. ती त्यांच्या वडिलांच्या हट्टातून आलेली होती, आणि तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

अण्णा माने मिरजेतले जुने फोटोग्राफर. बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ, वर राहायचं घर. पासपोर्टचे फोटो, लग्नातले फोटो, मुलींचे दाखवायचे फोटो, जावळ काढलेल्या बाळांचे फोटो, हा त्यांचा धंदा. स्टुडिओच्या बाहेर रस्त्याच्या बाजूला एक काचेची शोकेस होती आणि तिला कुलूप. तिच्यात फोटो लावायचा की नाही हे फक्त अण्णा ठरवायचे. गावातल्या भल्या भल्या लोकांनी आपल्या मुलीचा फोटो शोकेसमध्ये लावा म्हणून गळ घातली तरी अण्णा बधायचे नाहीत. चांगला असेल तर ते आपण होऊन लावायचे, आणि मग तो उन्हानं फिका पडेपर्यंत तिथंच राहायचा. "शोकेस म्हणजे माझी सही हाय," असं ते म्हणत. मृणालताई शाळेत असल्यापासून कॅमेरा हाताळत होत्या. त्यांनी काढलेला एकही फोटो त्या शोकेसमध्ये कधी लागला नव्हता. मोठी डॉक्टर झालेली, परदेशात घर घेतलेली ही बाई, पण तिला मनापासून काय हवं होतं ते मला दोन-तीन महिन्यांतच कळलं. आपला एक तरी फोटो अण्णांनी शोकेसमध्ये लावावा, एवढंच तिला हवं होतं.

अण्णा मोबाइलवर फोटो बघायला तयार नसायचे. "काचेवर काय बघायचं? हातात दे की." म्हणून ताई चांगल्या कागदावर प्रिंट करून घ्यायच्या आणि पोस्टानं मिरजेला पाठवायच्या. मग रविवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन. फोन स्पीकरवर ठेवून त्या पोहे परतत असत. त्यामुळे अण्णांचे सगळे शेरे मीही ऐकलेले आहेत. मी यायच्या आधी, अगदी पहिल्यांदा नुसता दीपस्तंभ पाठवला तेव्हा अण्णा म्हणाले होते म्हणे, "हे पाण्याच्या टाकीचं चित्र कशाला पाठिवलंस? मानूस कुठाय?" तेव्हापासून ताई माणूस उभा करायला लागल्या. मग अण्णा म्हणाले, "मानूस हाय, पण मुंगीएवढा." ताई जवळ गेल्या. मग म्हणाले, "कान दिसंनात की त्याचं. दोन्ही कान दिसाय पायजेत." ताई म्हणाल्या, "अण्णा, हा पासपोर्टचा फोटो नाही." अण्णा म्हणाले, "फोटो त्यो फोटो. ह्याला कान न्हाईत असं वाटतंय लोकांला." ताईंनी मला टोपी काढायला लावली. पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, "केस कुणी इस्कटलंत त्याचं? भांग पाडून उभा कर की."

त्या आठवड्यापासून कॅमेऱ्याच्या बॅगेत एक कंगवा आला. गॅली हेडच्या दीपस्तंभापाशी, समुद्रात घुसलेल्या टोकाला, जिथं गाडीचं दार उघडायला दोन हात लागतात, तिथं मी भांग पाडून उभा राहायचो आणि कंगवा खिशात जायच्या आत केस पुन्हा उभे. ताई वाऱ्यावर कधी चिडल्या नाहीत. डिकीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा असायचा. वारा पडेपर्यंत आम्ही गाडीत बसून खायचो. "घाई करायची नाही. पेशंट आणि वारा, दोघांचं आपल्याला ऐकावं लागतं," असं म्हणून त्या सीट मागं करून झोपायच्या आणि नेमक्या वेळी जाग्या व्हायच्या. हे त्यांना कसं जमायचं कुणास ठाऊक. रात्रपाळ्या करून करून अंगात मुरलं असावं.

बघण्यासारख्या जागी आम्ही सगळीकडे गेलो. रोशेस पॉइंट घराजवळचा, त्यामुळे तिथं वरचेवर. बॅलीकॉटनचा काळा दीपस्तंभ बेटावर आहे, तिथं नावेतून गेलो. नाव हेलकावे खायला लागल्यावर मला उलटी झाली आणि ताईंनी शांतपणे माझी मान एका बाजूला वळवून धरली. किन्सेलच्या ओल्ड हेडला गेलो तर पुढं गोल्फचं मैदान आणि बंद फाटक. फाटकावरच्या माणसाशी ताई अर्धा तास बोलत होत्या. आत सोडलं नाहीच, पण परत येताना त्या माणसाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत त्यांना माहीत झाली होती आणि कुठली भूल घ्यायची हेही त्यांनी त्याला समजावून दिलं होतं.

आता हूक हेडबद्दल. वेक्सफर्डच्या टोकाला आहे तो, जाडजूड, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, फार जुना दीपस्तंभ. नोव्हेंबर महिना होता. माझं शिक्षण संपलेलं होतं आणि शिक्षणानंतर नोकरी शोधायला जी मुदत मिळते ती संपत आलेली होती. एका कंपनीत मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्या होत्या आणि मी मनातून तिथं कामाला लागूनही गेलो होतो. आईला अर्धवट सांगूनही बसलो होतो. हूकच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली आणि मी फोन बघितला. कंपनीनं कळवलं होतं, या पदासाठी वर्क परमिटची सोय करता येणार नाही, शुभेच्छा. मी फोन खिशात टाकला. ताई ट्रायपॉड काढत होत्या. त्यांना काय सांगायचं आणि कशाला, असं वाटलं. मी भांग पाडला आणि जाऊन उभा राहिलो.

त्या दिवशी मला उभं राहणं सोपं गेलं. हसायचं नव्हतंच. समुद्र करडा होता, पाठीमागे तो प्रचंड दीपस्तंभ, आणि मी समोर कॅमेऱ्याकडे बघत कराडला फोन करून काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. थोड्या वेळानं कुत्रा फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ ताईंपाशी थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "इज युवर मॅन ऑलराइट? ही लुक्स पेरिश्ड." त्यांना म्हणायचं होतं, हा गडी ठीक आहे ना, गारठून गेलेला दिसतोय. ताईंनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. म्हणाल्या, "ओह, ही'ज ग्रँड. ही'ज फॉर स्केल." म्हणजे मजेत आहे, मापासाठी उभा केलाय. म्हातारे माझ्याकडे परत एकदा बघून मान हलवत निघून गेले. परत येताना मी झोपेचं सोंग घेतलं.

तो फोटो मिरजेला गेला आणि त्यानंतर नेहमीपेक्षा बरेच दिवस अण्णांचा शेरा आला नाही. ताई वरवर काही दाखवत नव्हत्या, पण रविवारी फोन लावताना आधी हात पुसायच्या. अखेर एका रविवारी अण्णा जेवलीस का, थंडी किती, असलं काही न विचारता म्हणाले, "लावला गं तुझा फोटो."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? शोकेसमधी. मधल्या खणात."

ताईंनी गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग डोळ्याला ओढणी लावली. ही बाई ऑपरेशन थिएटरमध्ये रोज मरणाच्या जवळ जाऊन यायची आणि घरी येऊन वाटाणे सोलायची. तिला मी रडताना पहिल्यांदा बघत होतो. मलाही बरं वाटलं, अगदी आपल्याच घरात काहीतरी झाल्यासारखं. त्यांनी लगेच स्टुडिओशेजारच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीला फोन करून सांगितलं, शोकेसचा फोटो काढून पाठव. तो आला. ताईंनी चष्मा लावून बघितला, मोठा करून बघितला, आणि फोन टेबलावर माझ्यापुढं सरकवला.

शोकेसच्या मधल्या खणात, शालू नेसलेल्या दोन नवऱ्यांच्या मध्ये, मी होतो. छातीपर्यंतचा मी. भांग पाडलेला, दोन्ही कान दिसणारा. दीपस्तंभ नव्हता. माझ्या उजव्या कानामागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्याचा एक तुकडा राहिला होता तेवढाच. अण्णांनी सांगलीच्या कलर लॅबमधून तो फोटो मोठा करून घेतला होता आणि बाकीचं कापून टाकलं होतं.

ताईंनी परत फोन लावला. "अण्णा, खांब कुठाय?"

"कापला."

"कापला? अहो, तो फोटोच खांबाचा होता."

"तुला वाटतंय तसं. खांब काय पळून चाललाय? उद्या बी तितंच हाय. ह्या पोराचं तोंड बघितलंस का तू? काय झालंय त्याला?"

"काही झालेलं नाही. हा काय, माझ्यासमोर बसून पोहे खातोय."

"आज खातोय. त्या दिवशी काय झालतं त्ये इचार. पोरगं रडू दाबून हुबं हाय. असला फोटो मला उभ्या जन्मात जमला न्हाई बघ. स्टुडिओत मानूस आला की तोंड नीट करून बसतोय. तुला मानूस काढता येतोय, मृणाल. आन् तू त्याला मापाला वापरतीस."

फोन ठेवून ताई समोर येऊन बसल्या. "काय झालं होतं त्या दिवशी?" मी सगळं सांगितलं. कंपनी, परमिट, आई. माझं सांगून झाल्यावर त्या पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसणं हेच माझं काम आहे. रंग बदलला, कपाळावर घाम आला, की मला आधी कळतं. आणि तू माझ्या कॅमेऱ्यात होतास, मी तुझ्यावर फोकस केला, आणि मी बघितलंच नाही. तो कुत्रेवाला म्हातारासुद्धा बघून गेला." त्यांना खरंच लागलं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या हो ताई." त्या म्हणाल्या, "जाऊ कसं द्यायचं?" आणि थोड्या वेळानं, "तरी खांब कापायला नको होता."

त्या बाईंचा स्वभाव या शेवटच्या वाक्यात आहे. दुसरं कुणी असतं तर दीपस्तंभ सोडून माणसांचे फोटो काढायला लागलं असतं. ताईंनी दीपस्तंभ सोडले नाहीत. त्यांच्या मते शोकेसमध्ये लागलेला फोटो त्यांचा नव्हताच, त्यांच्या फोटोचा तुकडा होता. अण्णांनी पूर्ण फोटो, खांबासकट, लावला तर खरं. फरक एवढाच झाला की पुढच्या शनिवारपासून मला उभं करायच्या आधी त्या विचारायला लागल्या, "काही झालंय का? असलं तर आधी सांग, मग उभा राहा." मी काही नाही म्हटलं तरी विश्वास बसायचा नाही. जवळ येऊन माझी खालची पापणी ओढून बघायच्या. माझ्या नोकरीचे अर्जही त्यांनी एका संध्याकाळी वाचून काढले आणि म्हणाल्या, "एवढं सगळं लिहिलंयस, पण ह्यात माणूस कुठाय?" आपण कुणासारखं बोललो हे त्यांच्याही लक्षात आलं आणि आम्ही दोघं हसलो. पुढच्या दोन महिन्यांत मला रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली, परमिटसकट. त्याचं श्रेय ताईंना दिलं की त्या म्हणायच्या, "मी काय केलं? मुलाखत तू दिलीस."

दरम्यान मिरजेत माझी बरीच प्रसिद्धी झाली होती. कोण हा मुलगा, कुणाचा, काय करतो, असं विचारायला लोक स्टुडिओत यायचे. एका स्थळाची पत्रिकाही अण्णांकडे येऊन पडली होती. माझी आई कराडहून मुद्दाम एसटीनं मिरजेला गेली. शोकेससमोर उभी राहिली. अण्णांनी तिला चहा पाजला. संध्याकाळी तिचा मला फोन आला. "किती वाळलायस रे. आणि मला काही सांगितलं नाहीस तेव्हा." नोकरी लागून गेलेली होती, तरी ती त्या फोटोवर रडली. अण्णांनी मला तिच्यासमोर उघडं पाडलं होतं.

ताईंनी मग लूप हेडचा फोटो काढला. क्लेअरमधला, समुद्रात लांब घुसलेल्या टोकावरचा पांढरा दीपस्तंभ. दिवसभर थांबून, ऊन येईपर्यंत. नेमका मी माझ्या पहिल्या पगाराची काहीतरी गंमत सांगत होतो आणि त्यांनी बटण दाबलं. दीपस्तंभ पूर्ण, दिव्यासकट, आणि त्याच्याखाली ओळखू येईल एवढा मी, तोंड उघडून हसणारा. मी म्हटलं, "माप हसलंय." त्या म्हणाल्या, "हसू दे." त्यांनी आजवर काढलेल्यातला हा सगळ्यात चांगला फोटो होता. मला फोटोतलं काही कळत नाही, पण हे कळलं. अण्णांना मिळाल्यावर ते म्हणाले, "बरा हाय." ताई वाट बघत राहिल्या. अण्णा म्हणाले, "मान वाकडी हाय त्याची. बघू." अण्णांच्या तोंडून 'बघू' म्हणजे पुष्कळच. ताईंनी मे महिन्याची रजा टाकली. जाऊन समोर बसून भांडते, म्हणाल्या.

मार्चमध्ये अण्णा गेले. दुपारी जेवून पडले होते ते उठले नाहीत. ताईंना कळलं तेव्हा त्या थिएटरमध्ये होत्या. त्यांनी टेबलावरचा पेशंट पूर्ण जागा केला, त्याला त्याचं नाव विचारलं, त्यानं नीट सांगितल्यावर मग बाहेर आल्या. विमानतळावर मीच सोडायला गेलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांना उठवते मी." मी गाडी चालवत राहिलो.

त्या परत आल्या नाहीत. आधी रजा वाढवली, मग राजीनामा पाठवला, मग कॅरिगलाइनचं घर विकलं. अण्णा असताना जे केलं नाही ते नसताना का केलं, असं विचारायची मला हिंमत झाली नाही. त्यांनीच एकदा फोनवर सांगितलं, "विचारू नकोस, मलाही माहीत नाही." आता मिरजेत पुन्हा स्कूटरवरून भूल देत फिरतात. खाली स्टुडिओच्या जागेत मोबाइलचे कव्हर विकणाऱ्या एका माणसाला भाडेकरू ठेवलंय. शोकेस मात्र भाड्यात दिली नाही. तिची किल्ली ताईंकडे असते.

गेल्या डिसेंबरात मी कराडला आलो तेव्हा मिरजेला जाऊन आलो. शोकेस आहे तशीच होती. दोन नवऱ्या, आणि मधोमध मी. रस्ता पश्चिमेकडे उघडा असल्यामुळे दुपारनंतर काचेवर ऊन येतं. फोटोतला लाल रंग पार उडालाय आणि माझा चेहरा निळसर पडलाय. वरच्या खोलीत ताईंचे फोटो भिंतीला टेकवून ठेवलेले होते. त्यात लूप हेडचाही होता. मी तो उचलला आणि म्हटलं, "ताई, किल्ली आता तुमच्याकडेच आहे. हा लावा ना. खांबासकट."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी लांब धरून बघितला, आणि परत भिंतीला लावून ठेवला. "मी लावला तर ती जाहिरात झाली, केदार. अण्णांनी लावायला हवा होता."

मला फार वाईट वाटलं. ज्यासाठी ही बाई इतक्या वाऱ्यापावसात फिरली, ते आता तिच्या हातात होतं आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. आम्ही खाली आलो. मोबाइलवाला दुकानाबाहेरच उभा होता. मला बघून हसला आणि ताईंना म्हणाला, "मॅडम, साहेबांचा नवीन फोटो लावा की. हा पार गेलाय."

ताई काचेपाशी गेल्या. ओढणीच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "अण्णांनी लावलाय तो. मी नाही उतरवणार. ऊन उतरवेल सावकाश."